धातूच्या नॅनोक्लस्टरची स्थिर रचना मशीन लर्निंगनं शोधताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

नाशिकमध्ये कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात एमएस्सीचे प्रोजेक्ट रंगात आले की एकाच साच्याचा फोन येतो. "सर, मॉडेल तयार आहे, आर-स्क्वेअर ०.९९ आलाय. आता याच्यातून स्थिर रचना कशी काढू?" मॉडेल म्हणजे अणूंच्या जागांवरून नॅनोक्लस्टरची, म्हणजे मोजक्या अणूंच्या पुंजक्याची, ऊर्जा सांगणारा प्रोग्राम; आर-स्क्वेअर म्हणजे ते उत्तर खऱ्याशी किती जुळतं याचं माप, १ म्हणजे पूर्ण. डेटा कुठला विचारलं तर एकाच रेणवीय गतिकी रनमधले (अणूंची हालचाल क्षणाक्षणाला काढणाऱ्या गणनेतले) दोन-तीन हजार फ्रेम. चार्ज काय, स्पिन काय विचारलं की पलीकडे शांतता.

चूक मॉडेलमध्ये नसते, कामाच्या क्रमात असते. मॉडेल सगळ्यात आधी तयार होतं आणि प्रश्न सगळ्यात शेवटी ठरतो. म्हणून हा लेख क्रमावर आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या: इथं मॉडेलचं काम उत्तर देण्याचं नाही. पुढची महागडी डीएफटी गणना (इलेक्ट्रॉनांचा विचार करून ऊर्जा काढणारी क्वांटम पद्धत) कोणत्या रचनेवर खर्च करायची, एवढंच त्यानं सुचवायचं. शेवटचा शब्द डीएफटीचा.

पायथन थोडंफार येतं आणि डीएफटीची एखादी गणना आधी केलेली आहे असं धरून चाललो आहे. उदाहरण ॲल्युमिनियमच्या १३ अणूंच्या क्लस्टरचं घेतो. आकार लहान, इलेक्ट्रॉन कमी, आणि चुका करायला जागा भरपूर.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहिल्याशिवाय संगणक सुरू करू नका:

"ॲल्युमिनियमचे १३ अणू, एकूण चार्ज शून्य, निर्वातात, लिगंड नाही, आधाराचा पृष्ठभाग नाही. पीबीई फंक्शनलमध्ये सर्वांत कमी ऊर्जेची रचना आणि तिच्यापासून ०.५ ईव्हीच्या आतले सगळे आयसोमर."

लिगंड म्हणजे धातूला चिकटलेले इतर रेणू; फंक्शनल म्हणजे डीएफटीतलं अंदाजाचं सूत्र, पीबीई त्यातलंच एक; आयसोमर म्हणजे तेवढ्याच अणूंची वेगळी मांडणी; ईव्ही हे ऊर्जेचं एकक. यातला प्रत्येक शब्द पुढे उपयोगी पडतो. चार्जचंच घ्या. ॲल्युमिनियमचे संयुजा इलेक्ट्रॉन ३, म्हणजे १३ अणूंचे ३९. संख्या विषम, म्हणून उदासीन क्लस्टरमध्ये किमान एक इलेक्ट्रॉन एकटा राहणारच. स्पिन धरून गणना करावी लागेल. एक इलेक्ट्रॉन जास्त दिला की ४० होतात, कवच पूर्ण भरतं, आणि तो ऋणभारित क्लस्टर नीटस सममित आयकोसाहेड्रॉन (वीस त्रिकोणी बाजूंचा आकार) होतो. उदासीन क्लस्टरची रचना त्याच घराण्यातली, पण जराशी चेपलेली. प्रयोगाचा आलेख बहुधा ऋणभारित क्लस्टरचा असतो, कारण फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीत ऋण आयन वापरणं सोयीचं पडतं. मुलं आपली उदासीन रचना त्या आलेखाशेजारी ठेवतात आणि जुळत नाही म्हणून मॉडेल बदलत बसतात.

०.५ ईव्हीची खिडकी का? एकच रचना शोधली तर ती चुकल्याचं कळायला मार्गच उरत नाही. शिवाय फंक्शनल बदललं की पहिल्या-दुसऱ्या क्रमांकांची अदलाबदल होणं अगदी नेहमीचं आहे.

सावधान: उदासीन आणि ऋणभारित क्लस्टरचा डेटा एका ट्रेनिंग सेटमध्ये मिसळू नका. बहुतेक मॉडेलना फक्त अणूंच्या जागा दिसतात, चार्ज दिसत नाही. तीच भूमिती आणि दोन वेगवेगळ्या ऊर्जा दिल्यात तर ते सरासरी काढून मोकळं होईल.

## टप्पा २: यंत्र आणि सॉफ्टवेअर

यात फार वेळ घालवू नका. एएसई ही पायथन लायब्ररी सगळ्यांना जोडणारा धागा म्हणून घ्या. डीएफटीसाठी जीपॉ किंवा क्वांटम एस्प्रेसो, दोन्ही मोफत. वर्णकांसाठी (अणूंची मांडणी आकड्यांत सांगणारी वर्णनं) डीस्क्राइब, न्यूरल पोटेन्शियलसाठी (न्यूरल नेटवर्कनं ऊर्जा सांगणारं मॉडेल) मेस किंवा तत्सम काहीही. मोठ्या गणनांसाठी पुण्यात आयसरमधल्या परम ब्रह्मवर किंवा दुसऱ्या एखाद्या संस्थेत वेळ मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी १३ अणू लॅबमधल्या बऱ्यापैकी डेस्कटॉपवर होतात, फक्त धीर लागतो.

प्रत्येक गणना अर्ध्यात तुटेल असं धरूनच स्क्रिप्ट लिहा. एप्रिल-मेमध्ये दुपारी वीज गेली, यूपीएसनं वीस मिनिटं तग धरला आणि रात्रीपासूनचं काम गेलं, हा प्रसंग कुठल्याही लॅबमध्ये नवा नाही. प्रत्येक डीएफटी पूर्ण होताच निकाल डेटाबेस फाइलमध्ये गेला पाहिजे, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवल्यावर झालेलं काम ओळखून तिनं पुढे गेलं पाहिजे. मोफत ऑनलाइन नोटबुकवर तर सत्र कधी संपेल याचा नेम नसतो.

## टप्पा ३: आधी मॉडेलशिवाय शोध करून पाहा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि पुढची निम्मी गडबड इथूनच सुरू होते.

ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या रांगेवर पडलेला पावसाचा थेंब जवळच्या घळीत उतरतो. सर्वांत खोल दरी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे याची त्याला खबर नसते. रचना रिलॅक्स करणं म्हणजे तो थेंब. एक रचना घेतली, रिलॅक्स केली, बल शून्यावर आलं, म्हणून ती सर्वांत स्थिर ठरत नाही. ती जवळच्या घळीत बसली, एवढंच. आणि घळी किती? लेनार्ड-जोन्स या साध्या पोटेन्शियलमध्ये (अणूंमधल्या अंतरांवरून ऊर्जा देणाऱ्या सूत्रात) फक्त १३ अणूंसाठी सुमारे १५०० वेगवेगळे मिनिमम मोजले गेले आहेत. अणू वाढले की ही संख्या घातांकी वाढते.

म्हणून बेसिन हॉपिंग शिका: रचना थोडी हलवा, रिलॅक्स करा, नवी ऊर्जा स्वीकारायची की नाही ते ठरवा, पुन्हा हलवा. सराव लेनार्ड-जोन्सवरच करा, कारण तिथली उत्तरं माहीत आहेत. १३ अणूंसाठी आयकोसाहेड्रॉन, ऊर्जा −४४.३२६८ एप्सिलॉन (एप्सिलॉन हे त्या सूत्रातलं ऊर्जेचं माप, सिग्मा अंतराचं). ३८ अणूंसाठी छाटलेला ऑक्टाहेड्रॉन, −१७३.९२८४. हे ३८ चं प्रकरण मुद्दाम करा. आयकोसाहेड्रॉनच्या घराण्यातली त्याची स्पर्धक रचना −१७३.२५२४ वर बसते, तिच्याकडे जाणारा उतार कितीतरी रुंद आहे, आणि बहुतेक रन तिथंच अडकतात. आपला शोध अडकला आहे हे कसं दिसतं, ते माहीत असलेल्या उत्तरावर एकदा पाहून ठेवा.

दोन ठिकाणी एएसई वापरणारे हमखास अडखळतात.

पहिलं, लेनार्ड-जोन्स कॅल्क्युलेटरचा मूळ कटऑफ (ज्या अंतरापलीकडची जोडी धरत नाहीत ते अंतर) ३ सिग्मा असतो आणि तिथं ऊर्जा शून्यावर यावी म्हणून प्रत्येक जोडीची ऊर्जा वर सरकवलेली असते. त्यामुळे अचूक आयकोसाहेड्रॉन दिलात तरी −४४.३२६८ हा आकडा येणार नाही. कटऑफ वाढवा, २० सिग्मा द्या, मग ताडून पाहा.

दुसरं, बेसिन हॉपिंगमधलं तापमान केल्विनमध्ये नसतं, ऊर्जेच्या एककात असतं. तिथं ३०० लिहिलंत तर ते ३०० ईव्ही होतात. प्रत्येक हालचाल स्वीकारली जाते आणि शोध नुसता भटकत राहतो. केल्विनला बोल्ट्झमन स्थिरांकानं गुणून द्या.

तपासणी: १३ अणूंचं उत्तर वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवातींतून बहुतेक वेळा मिळतंय का? स्वीकाराचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे का? तसं नसेल तर हलवण्याचं अंतर कमी-जास्त करा. ३८ अडकलं तर हरकत नाही, पण अडकल्याचं तुम्हाला ओळखता आलं पाहिजे.

## टप्पा ४: डीएफटीची मांडणी एकदाच ठरवा

मॉडेल ज्या आकड्यांवर शिकणार ते सगळे एकाच मापानं मोजलेले असायला हवेत. मध्येच डीएफटीचा ऊर्जा-कटऑफ (वरच्या अंतराच्या कटऑफपेक्षा वेगळा) बदलला, स्मिअरिंग (इलेक्ट्रॉन पातळ्यांत थोडे पसरवून भरणं) बदललं, स्यूडोपोटेन्शियलची (आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरलेल्या सूत्राची) दुसरी आवृत्ती आली, की जुना डेटा बाद. म्हणून हे आधी उरकून घ्या.

पेटीचा आकार: १३ अणूंचा ॲल्युमिनियम क्लस्टर साधारण साडेपाच अँगस्ट्रॉम रुंद. चारी बाजूंनी किमान ६ अँगस्ट्रॉम मोकळी जागा द्या, म्हणजे १८ अँगस्ट्रॉमची घनाकृती पेटी. मग ती २-३ अँगस्ट्रॉमनं वाढवून दोन आयसोमरांमधला ऊर्जेचा फरक पुन्हा मोजा. एकूण ऊर्जा बदलली तर चालेल, फरक बदलता कामा नये. सपाट, पसरट रचना पेटीच्या भिंतीजवळ जातात, त्यांना मोठी पेटी लागते. सगळ्यांसाठी तीच मोठी पेटी ठेवणं बरं. के-पॉइंट (आवर्ती जाळीसाठी लागणारे नमुना-बिंदू) फक्त गॅमा, म्हणजे एकच. क्लस्टरला आवर्ती जाळी नसते, तिथं ४×४×४ दिलेलं पाहिलं की प्रोजेक्ट कुठल्या तरी स्फटिकाच्या स्क्रिप्टवरून उतरवलाय हे लगेच कळतं.

स्मिअरिंग छोटं ठेवा, ०.०५ ईव्ही किंवा त्याहून कमी. अर्धवट भरलेल्या पातळ्यांमुळे स्पिनच्या ऊर्जेत घोळ होतो. आउटपुटमध्ये स्मिअरिंगसह मुक्त ऊर्जा आणि शून्य तापमानाकडे नेलेली ऊर्जा असे दोन आकडे असतात. त्यातला कुठला घेणार ते ठरवा आणि मग बदलू नका. मात्र एक ध्यानात असू द्या: बलं सहसा मुक्त ऊर्जेची अवकलनं असतात. बलांवर शिकवणार असाल तर मुक्त ऊर्जा घेणं सुसंगत.

चार्ज असेल तर आवर्ती पेटीत समान पार्श्वभूमी-चार्जची भानगड येते. एक तर दुरुस्ती लावा, नाहीतर जीपॉमध्ये आवर्तन बंद करून गणना करा.

तपासणी: एकाच रचनेची ऊर्जा दोन वेगवेगळ्या सुरुवातीच्या चुंबकीय आघूर्णांनी काढा. वेगळी आली तर कमी असलेली घ्या, आणि पुढे प्रत्येक रचनेला हाच नियम लावा.

एका डीएफटीला किती मिनिटं लागतात ते इथंच मोजून ठेवा. सबमिशनपर्यंत उरलेल्या दिवसांत अशा किती होतील याचा भागाकार करा. जो आकडा येईल तो तुमचं एकूण बजेट. पुढचे सगळे निर्णय त्याच्या आत बसवायचे आहेत.

## टप्पा ५: सुरुवातीच्या रचना जमवा

सगळं खरं काम इथं आहे. मॉडेलनं जे पाहिलंच नाही ते त्याला कळणार नाही, आणि एकाच बियाण्यातून वाढवलेल्या दोन हजार रचना म्हणजे एकच रचना दोन हजार वेळा.

निदान पाच वाटांनी रचना आणा.

१. गोलात यादृच्छिक अणू. घन ॲल्युमिनियममध्ये एका अणूच्या वाट्याला सुमारे १६.६ घन अँगस्ट्रॉम जागा येते. १३ अणूंसाठी गोलाची त्रिज्या ३.७ अँगस्ट्रॉमच्या आसपास निघते. त्याहून जराशी मोठी घ्या, आणि दोन अणू २.२ अँगस्ट्रॉमच्या आत येऊ देऊ नका.

२. चपट्या आणि लांबट रचना. गोलाऐवजी तबकडी, दंडगोल. विशेषतः सोन्यावर काम असेल तर हे टाळूच नका. सोन्याचे छोटे क्लस्टर सपाट असतात, आणि सपाटपणा सोडून ते नेमके कोणत्या आकाराला उभे राहतात हे फंक्शनलवरही अवलंबून असतं. नुसत्या गोलाकार सुरुवातींतून सपाट रचना सापडायची शक्यता फारच कमी.

३. दुसऱ्या धातूच्या ज्ञात रचना, मापात बसवून. तांब्याच्या रचनेचं ॲल्युमिनियम करायचं तर अंतरं शेजारी अणूंच्या अंतरांच्या गुणोत्तरानं वाढवा: २.८६ भागिले २.५६, म्हणजे सुमारे १.१२. केंब्रिज क्लस्टर डेटाबेसमध्ये लेनार्ड-जोन्स, गुप्ता, सटन-चेन अशा पोटेन्शियलच्या रचना आयत्या मिळतात.

४. १२ मधून एक वाढवून, १४ मधून एक काढून. १२ अणूंच्या चांगल्या रचनेच्या पृष्ठभागावर सगळ्या शक्य जागी तेरावा अणू ठेवा. १४ अणूंच्या रचनेतून एकेक अणू पाळीपाळीनं काढा. कष्ट थोडे आणि हाती बरंच लागतं. मला विचाराल तर वेळ कमी असताना पहिली वाट हीच धरावी.

५. स्वस्त पोटेन्शियलवरचं बेसिन हॉपिंग. एएसईतलं ईएमटी (धातूंसाठीचं एक सोपं, वेगवान पोटेन्शियल) ॲल्युमिनियम, तांबं, चांदी, सोनं, निकेल, पॅलेडियम आणि प्लॅटिनमसाठी चालतं. त्याच्या ऊर्जांवर विश्वास नको. रचना मात्र कच्चा माल म्हणून उत्तम.

आता या मिनिममभोवतीचा उतार दाखवणंही गरजेचं आहे. फक्त रिलॅक्स झालेल्या रचनांवर शिकलेल्या मॉडेलला चढ माहीतच नसतो. शोधात ते भलत्याच दिशेला सुटतं. प्रत्येक मिनिममचे अणू ०.०५ ते ०.२ अँगस्ट्रॉमनं यादृच्छिक हलवून काही प्रती करा. स्वस्त पोटेन्शियलवर ३०० केल्विनपासून १५०० केल्विनपर्यंत छोटे गतिकी रन घ्या आणि त्यातले एकमेकांपासून लांबचे फ्रेम निवडा. दोन अणू मुद्दाम जवळ आणलेल्या आणि एखादा अणू बाहेर ओढलेल्या थोड्या रचनाही टाका.

किती? एका रचनेच्या डीएफटीतून एक ऊर्जा आणि १३ अणूंचे ३९ बल-घटक मिळतात. म्हणजे ३०० रचनांतून ११,७०० बलांचे आकडे. सुरुवातीला एवढं पुष्कळ. उरलेलं बजेट टप्पा ८ साठी राखून ठेवा. सगळं इथंच उधळलंत तर पुढे मॉडेल "इथं मला कळत नाही" म्हणेल आणि तुमच्याकडे द्यायला काही नसेल.

## टप्पा ६: डेटा निवडून घ्या

तीन चाळण्या लावा.

पहिली: ज्या गणनेचं स्वयंसुसंगत चक्र (उत्तर स्थिर होईपर्यंतच्या फेऱ्या) पूर्ण झालं नाही ती बाद. आउटपुटमध्ये ऊर्जेचा आकडा छापलेला असतो, म्हणून स्क्रिप्ट तो उचलते. अशा पाच-सहा नोंदी अख्ख्या सेटची वाट लावायला पुरतात.

दुसरी: क्लस्टर एकसंध आहे का? साडेतीन अँगस्ट्रॉमपर्यंतच्या अंतरांचे बंध मानून एकच तुकडा मिळतो का ते पाहा. दोन तुकडे झालेल्या थोड्या रचना ट्रेनिंगमध्ये राहू द्या, शोधाच्या यादीत नकोत.

तिसरी: जुळी रचना. फिरवलेली, आरशातली, अणूंचे क्रमांक बदललेली रचना तीच असते. सगळ्या अणु-जोड्यांची अंतरं चढत्या क्रमानं लावून यादी ताडून पाहा. १३ अणूंच्या ७८ जोड्या होतात. ऊर्जा आणि ही यादी दोन्ही जुळली तरच जुळी माना. नुसत्या ऊर्जेवरून रचना काढून टाकू नका, जवळपास समान ऊर्जेचे निराळे आयसोमर खुशाल असतात.

## टप्पा ७: ट्रेनिंग, आणि आकड्यांचा भुलावा

मॉडेल कुठलं, याची चर्चा सगळ्यात लांबते आणि तिला सगळ्यात कमी महत्त्व आहे. काही शे रचना असतील तर सोप वर्णकं आणि गॉसियन प्रक्रिया छान चालते, आणि अनिश्चितता फुकटात मिळते. डेटा वाढणार असेल तर मेससारखं न्यूरल पोटेन्शियल. आयतं शिकवलेलं सार्वत्रिक मॉडेल घ्यायचं असेल तर ते मुख्यतः स्फटिकांच्या डेटावर वाढलंय हे विसरू नका. १३ अणूंच्या क्लस्टरमध्ये बारा अणू पृष्ठभागावर असतात. अशा जागी ही मॉडेलं ऊर्जेचे चढ-उतार असावेत त्यापेक्षा मऊ दाखवतात. आपल्या डेटावर पुन्हा शिकवल्याशिवाय ती वापरू नका.

मॉडेलचा कटऑफ ५-६ अँगस्ट्रॉम ठेवा. तो पेटीतल्या मोकळ्या जागेपेक्षा लहान आहे ना, तेही पाहा. नाहीतर क्लस्टरला शेजारच्या पेटीतली आपलीच प्रतिमा दिसते. ऊर्जेबरोबर बलंही शिकवा.

डेटाची विभागणी. पत्ते पिसल्यासारखं सगळे फ्रेम मिसळून ८०:२० करू नका. एकाच गतिकी रनमधला १०१ वा फ्रेम ट्रेनिंगमध्ये आणि १०२ वा टेस्टमध्ये गेला तर ती परीक्षा नव्हे, पेपर फुटला. विभागणी घराण्यांनुसार करा: एका मिनिममपासून निघालेल्या सगळ्या रचना एकाच बाजूला. शिवाय एखादी अख्खी वाट, समजा १४ मधून एक काढलेल्या रचना, पूर्ण टेस्टसाठी बाजूला ठेवा.

आर-स्क्वेअर. तो ०.९९ वाला फोन आठवा. आलेख मागवला की सगळे ठिपके तिरक्या रेषेवर छान बसलेले दिसतात, आणि आडव्या अक्षावर ऊर्जा पंधरा ईव्ही पसरलेली असते, कारण सेटमध्ये उकळत्या गतिकीचे फ्रेम आहेत. हिशेब करू. ऊर्जेचं प्रमाण विचलन ३ ईव्ही असेल तर आर-स्क्वेअर ०.९९ म्हणजे ३ च्या एक-दशांश, ०.३ ईव्हीची सरासरी चूक. आपल्याला ज्या आयसोमरांतला फरक ओळखायचाय तो ०.०५ ते ०.१ ईव्हीचा असू शकतो. म्हणजे हे मॉडेल तापलेला क्लस्टर आणि थंड क्लस्टर ओळखतं, पहिला आणि दुसरा आयसोमर ओळखत नाही. वेगवेगळ्या आकारांचे क्लस्टर एकत्र करून एकूण ऊर्जेचा आर-स्क्वेअर काढलात तर तो आणखी फुगतो, कारण अणू जास्त तर ऊर्जा जास्त, एवढं कळलं तरी ०.९९ येतो.

दर अणूची चूक. दर अणूला ५ मिलि-ईव्ही हा आकडा ऐकायला छोटा वाटतो. १३ नं गुणा: ६५ मिलि-ईव्ही. खोलीच्या तापमानाला केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) सुमारे २६ मिलि-ईव्ही असतो. ६५ चा फरक म्हणजे एन्ट्रॉपी सोडून दिली तर दोन आयसोमरांचं प्रमाण साधारण १२ ला १. तेवढ्या चुकीत कोण बारा आणि कोण एक हे उलटंही होऊ शकतं. चूक नेहमी अख्ख्या क्लस्टरसाठी लिहा.

मी तीन गोष्टी बघतो: सर्वांत खालच्या १ ईव्हीमधल्या रचनांपुरती ऊर्जेची चूक, त्याच रचनांचा डीएफटीप्रमाणे लावलेला क्रम मॉडेलच्या क्रमाशी किती जुळतो, आणि बलांची चूक. पहिल्या दोन ठीक असतील तर एकूण आर-स्क्वेअर लिहिलाच नाही तरी चालतो.

तपासणी: दोन अणूंची जोडी घ्या आणि मॉडेलनं तिचं अंतर ६ वरून १.५ अँगस्ट्रॉमपर्यंत आणत ऊर्जा काढा. जवळ आल्यावर वक्र उसळी मारून वर गेला पाहिजे. खाली घसरला तर पुढे जाऊ नका. जवळच्या अंतरांचा डेटा वाढवा किंवा वेगळं प्रतिकर्षण जोडा.

## टप्पा ८: शोध, शंका, डीएफटी, पुन्हा शोध

वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी चार-पाच मॉडेल शिकवा. त्यांच्यात एकमत आहे तिथं भरवसा. मतभेद आहे तिथं डीएफटी. एका फेरीचा क्रम असा:

१. टप्पा ५ मधल्या वाटांनी ताज्या दोनेकशे सुरुवाती घ्या, मॉडेलवर बेसिन हॉपिंग चालवा.
२. १.५-२ अँगस्ट्रॉमवर अणू चिकटलेल्या आणि तुकडे झालेल्या रचना वेगळ्या काढा.
३. जुळी रचना काढा.
४. उरलेल्यांपैकी सर्वांत कमी ऊर्जेच्या दहा आणि सर्वांत जास्त मतभेदाच्या दहा निवडा.
५. त्यांची डीएफटी एक-बिंदू गणना करा, रिलॅक्सेशन नको. स्वस्त पडतं आणि मॉडेल जिथं चुकलं नेमकी तीच जागा मिळते.
६. डेटात घाला, पुन्हा शिकवा, पुढची फेरी.

दुसऱ्या पायरीत वेगळ्या काढलेल्या रचना फेकू नका. त्यातल्या चार-पाचांची डीएफटी करून ट्रेनिंगमध्ये घाला. मॉडेलची भोकं बुजवण्याचा तोच उपाय. पहिल्या फेरीत हमखास एखादी "अद्भुत" रचना निघते, बाकीच्यांपेक्षा तीन-चार ईव्ही खाली. मुलं हर्षभरित होऊन स्क्रीनशॉट पाठवतात. मी एवढंच विचारतो: सर्वांत जवळच्या दोन अणूंचं अंतर किती? उत्तर येतं, "१.६ सर." ॲल्युमिनियममध्ये शेजारी २.८६ वर असतो. शोध-अल्गोरिदम मॉडेलच्या चुका शोधण्यात फार हुशार असतो. त्याला कमी ऊर्जा हवी असते, ती खऱ्या दरीतून आली की खोट्या भोकातून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

थांबायचं कधी? लागोपाठ दोन-तीन फेऱ्यांत खालच्या ०.५ ईव्हीची यादी बदलली नाही, सर्वांत खालची रचना निरनिराळ्या वाटांच्या सुरुवातींतून परत परत सापडली, आणि त्या यादीतल्या रचनांवर मॉडेलांचं एकमत झालं, तर. दोनशे सुरुवातींतून ती एकदाच सापडली असेल तर शोध संपलेला नाही. तशीच आणखी एक, तिच्याहून खालची, राहिलेली असण्याचा संभव आहे.

सावधान: हातातली ज्ञात रचना सुरुवात म्हणून दिली आणि तीच परत मिळाली, याला शोध म्हणत नाहीत. एक फेरी आयकोसाहेड्रॉन अजिबात न देता चालवा आणि मॉडेल त्याच्यापर्यंत पोहोचतं का पाहा.

## टप्पा ९: शेवटची खातरजमा डीएफटीवर

खिडकीतल्या सगळ्या रचना, फक्त पहिली नव्हे, डीएफटीवर रिलॅक्स करा. बलाची मर्यादा शोधापेक्षा कडक, दर अँगस्ट्रॉमला ०.०१ ईव्ही. रिलॅक्स होताना दोन रचना एकीत विलीन झाल्या तर आश्चर्य नको. क्रमही बदलेल. अहवालात जाणारा क्रम हाच.

मग कंपनांची वारंवारता. मध्य-फरकानं काढायची तर प्रत्येक सहनिर्देशकाला दोन, म्हणजे १३ अणूंसाठी ७८ बल-गणना. म्हणून फक्त वरच्या तीन-चार रचनांसाठी करा. ३ गुणिले १३ वजा ६, म्हणजे ३३ खरी कंपनं. उरलेली सहा सरकणं आणि फिरणं, ती शून्याच्या जवळपास. ३३ मध्ये एक जरी काल्पनिक वारंवारता निघाली तर ती रचना मिनिमम नव्हे, खिंड आहे. त्या कंपनाच्या दिशेनं अणू थोडे ढकला आणि पुन्हा रिलॅक्स करा, बहुधा जरा कमी सममितीची रचना मिळते.

त्यानंतर दुसरी स्पिन अवस्था: ३९ इलेक्ट्रॉन असताना एक एकटा इलेक्ट्रॉन आणि तीन एकटे इलेक्ट्रॉन, दोन्ही. आणि निदान एक वेगळ्या प्रकारचं फंक्शनल. पीबीईत पहिली आलेली रचना दुसऱ्या फंक्शनलमध्ये तिसरी गेली तर ते लपवू नका; तोच तुमच्या प्रोजेक्टचा सगळ्यात वाचनीय तक्ता होईल.

## टप्पा १०: अहवालात काय लिहायचं

"ग्लोबल मिनिमम सापडला" असं लिहू नका. "या शोधात सापडलेली सर्वांत कमी ऊर्जेची रचना" असं लिहा. सर्वांत खोल दरी हीच, असं सिद्ध करणारी पद्धत आपण वापरलेली नाही.

मशीन लर्निंगमुळे फायदा झाला असं म्हणायचं असेल तर तुलना द्या: ही रचना मिळेपर्यंत एकूण किती डीएफटी गणना लागल्या, ट्रेनिंगच्या धरून, आणि थेट डीएफटीवर बेसिन हॉपिंग केलं असतं तर तेवढ्याच गणनांत कुठपर्यंत पोचलो असतो. १३ अणूंना हा फायदा थोडासाच निघेल. तो थोडासा आहे असं लिहिलं तरी गुण कापले जात नाहीत. २०-३० अणूंकडे गेलात की फरक जाणवू लागतो.

क्लस्टर १२, १३, १४ असे लागोपाठ केले असतील तर ऊर्जेचा दुसरा फरकही काढा: १२ ची ऊर्जा अधिक १४ ची ऊर्जा वजा १३ च्या ऊर्जेची दुप्पट. आकडा धन आणि मोठा असेल तर १३ शेजाऱ्यांपेक्षा स्थिर. मात्र तिन्हींचा शोध सारख्याच कसोशीनं झालेला हवा. १४ चा शोध अर्धवट राहिला तर त्याची ऊर्जा असावी त्यापेक्षा वर राहते आणि १३ फुकटच "जादुई" ठरतो.

तोंडी परीक्षेला जाताना एका फोल्डरमध्ये हे ठेवा: सगळ्या अंतिम रचनांच्या एक्सवायझेड फाइली, डीएफटीची इनपुट फाइल, स्यूडोपोटेन्शियल किंवा डेटासेटची आवृत्ती, यादृच्छिक बीजं, आणि प्रत्येक फेरीनंतरची खालच्या ०.५ ईव्हीची यादी तारखेसकट. "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" अशी नावं असतील तर आदल्या रात्री बदलून घ्या. बाहेरून आलेले परीक्षक पहिल्यांदा पहिल्या आणि दुसऱ्या आयसोमरमधला फरक विचारतात, आणि लगेच मॉडेलची चूक. ते दोन आकडे एकाच एककात, अख्ख्या क्लस्टरसाठी, शेजारी-शेजारी लिहून न्या.